माझे साडू आणि डावीकडचा दिवा

अख्ख्या सुरत शहरात, आणि हे शहर काही लहान नाही, बिघडलेली वस्तू दिसली की ज्याचा चेहरा उजळतो असा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. लग्नाला गेलेली माणसं जेवणाची चौकशी करतात, नवरीच्या शालूकडे बघतात, फार तर मुलाकडच्यांची उणीदुणी काढतात; आमचे साडू मांडवात पाऊल टाकतात ते वर बघतच. रोषणाईच्या शंभर दिव्यांत एक मिणमिणत असला तर त्यांना तेवढाच दिसतो. आमच्या मेहुण्याच्या लग्नात सगळे जावई फोटोसाठी ओळीने उभे राहिले तर एक कमी. शोधाशोध केली तेव्हा ते जनरेटरच्या गाड्याखाली सापडले. फक्त पाय बाहेर होते आणि पायांत लग्नासाठी घेतलेले नवे बूट. त्या फोटोत कडेला जे काळेकुट्ट गृहस्थ उभे आहेत, त्यांना नवरीकडची मंडळी अजून जनरेटरवालाच समजतात. दुसऱ्या एका वेळी आम्ही दोघं एका घरी भेटायला गेलो होतो. घरातले वडीलधारे गेलेले, सगळे माना खाली घालून बसलेले, आणि वर ट्यूबलाइट फडफडत होती. साडू दहा मिनिटं तग धरून बसले. मग उठून त्यांनी गेलेल्या माणसाच्या मुलाकडे हळूच स्टूल मागितलं. फोटोला हार घालायचा असेल म्हणून त्याने दिलं. साडूंनी स्टूलवर चढून ट्यूबचा स्टार्टर काढला, खिशातला दुसरा बसवला, आणि पुन्हा येऊन मान खाली घालून बसले. उजेड स्थिर झाला तसा तो मुलगा म्हणाला, "बाबा महिनाभर सांगत होते हो, बदल म्हणून," आणि तीन दिवसांत पहिल्यांदा मोकळेपणी रडला.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी त्यांना 'भाऊ' म्हणतो, ते मला 'साडूभाऊ' म्हणतात, माझी बायको त्यांना 'दाजी' म्हणते. आम्ही सगळे मूळचे अमळनेरकडचे. ते मिसरूड फुटायच्या आत सुरतेजवळच्या कडोदऱ्याला आले आणि अठ्ठावीस वर्षं एकाच कारखान्यात माग दुरुस्त करत राहिले. माग बंद पडला की हाक जायची ती त्यांना. इतक्या वर्षांच्या खडखडाटाने त्यांचे कान अर्धे गेले आणि आवाज दुप्पट झाला. ते खासगी गोष्ट सांगू लागले की गल्लीतले लोक आपणहून दारं लावून घेतात. यंत्र ऐकायचं असलं की मात्र ते लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्रावर ठेवतात, मूठ कानामागच्या हाडाला टेकवतात आणि डोळे मिटतात. अंगाने इतके बारीक, की ताई, म्हणजे माझ्या मेहुणीबाई, त्यांच्या शर्टाला 'हँगरवरचा शर्ट' म्हणतात. ताई स्वतः भरभक्कम. जोडीने चालले की बैलगाडीच्या शेजारून कुणी सायकल हाताने ढकलत नेतोय असं वाटतं.

मी हे रंगवून सांगतोय खरं, पण पुढचं सांगणं लांबवावं हाही त्यात हेतू आहे. कारण पुढे ट्रक येतो, आणि तो मी त्यांना विकला होता.

विणलेल्या कोऱ्या कापडाचे ताके कारखान्यांतून उचलायचे आणि पलसाण्याच्या रंगाईच्या मिलमध्ये नेऊन टाकायचे हा माझा धंदा. सुरतेत, कतारगामात मी घर केलं ते याच ट्रकच्या जिवावर. सासरी माझी ओळख 'ट्रकवाले जावई' आणि साडूंची 'मागावरचे'. सासूबाई ताट वाढताना माझ्याकडे तुपाची वाटी अंमळ जास्त वाकवायच्या, आणि मला ते दिसायचं, आणि आवडायचंही. पुढे मी नवी गाडी घेतली. त्याच सुमारास साडूंचा कारखाना बंद झाला. त्यांनी जुनी गाडी मागितली. अमळनेरला, सासूबाईंच्या ओसरीवर, सगळ्यांच्या देखत त्यांनी मला विचारलं, "साडूभाऊ, काही खोट असेल तर आत्ता सांगा. खोट असली तरी मी घेणार. पण ठाऊक असलेली बरी."

मी म्हणालो, "लोण्यासारखी आहे हो गाडी."

नव्हती. डावीकडे वळायचा दिवा, ज्याला आमच्याकडे सगळे 'साइड' म्हणतात, तो लहरी झाला होता. का, तेही मला ठाऊक होतं. काही वर्षांपूर्वी डॅशबोर्डमागे त्या दिव्याची अर्थिंगची वायर तुटली. ती नीट ओढून खाली चेसिसच्या लोखंडाला बांधायला हवी होती. माल भरून तयार होता, मला घाई होती. मी वायर रबरी मॅटखालून आणली आणि ड्रायव्हरच्या सीटखालच्या बोल्टला गुंडाळून टाकली. पुढे बोल्ट गंजला, सीट सैल झाली. चांगलं वजन पडलं की सीट दबायची, बोल्टला टेकायची आणि दिवा लागायचा. हलकं माणूस बसलं की नाही. मी तेव्हाही नव्वद किलोच्या पुढे होतो, मला तो दिवा कधी दगा देत नसे. माझा एक किडकिडीत ड्रायव्हर होता, तो बिचारा म्हणायचा, "शेठ, तुम्ही बसलात की चालतो, मी बसलो की नाही." मी त्याला हसलो होतो. नंतर एकदा वाकून पाहिलं आणि समजलो. दुरुस्ती अर्ध्या तासाची होती. ती मी केली नाही. आणि व्यवहार ठरवताना साडूंना वर आणखी सांगितलं, "सीटखालची वायरिंग मी नवी करून घेतलीये, तिकडे हातच लावू नका." गुंडाळलेली वायर त्यांच्या नजरेला पडू नये एवढ्यासाठी.

साडूंनी गाडी नेली ती देवाची पालखी न्यावी तशी. केबिनमध्ये चढायच्या आधी ते चपला काढायचे. तिसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला. फोनवर ते ओरडतात, कारण त्यांना वाटतं समोरच्यालाही मागावरच काम आहे. "साडूभाऊ! डावी साइड लागत नाही!" त्या आवाजात तक्रार तर नव्हतीच, उलट मुलगा झाल्याची बातमी सांगावी तसा आनंद होता. तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. मी म्हणालो, "बल्ब बघा."

त्यांनी बल्ब बदलला. मग फ्लॅशर बदलला. मग स्विच उघडून, घासून, पुन्हा बसवला. मग रविवारी सकाळी मी कडोदऱ्याला गेलो, कारण त्यांनी बोलावलं. घराशेजारच्या मोकळ्या जागेत ट्रक उभा होता. मला त्यांनी खुर्ची दिली, ताईंनी चहा दिला, आणि मी बसून बघू लागलो. पुढे तो आमचा शिरस्ताच झाला. दहा महिन्यांत असे किती रविवार मी त्या खुर्चीत बसलो ते देवाला ठाऊक. आणि मला.

त्यांची पद्धत बघण्यासारखी होती. माग बांधणाऱ्या माणसाला हजार धागे ओळखायची सवय. त्यांनी डॅशबोर्ड उघडला आणि आतल्या एकेका वायरला रंगीत सुताची खूण बांधली. हेडलाइटला पिवळं, ब्रेकला लाल, उजव्या साइडला हिरवं, डाव्या साइडला मोरपंखी. शेजारच्या बायका येऊन बघून गेल्या, एकीने तर "हा काठ कुठल्या साडीचा?" म्हणून विचारलं. जोड ते विणकराच्या गाठीने मारत, मग त्यावर झाळ, मग चिकटपट्टी. एका रविवारी सगळी मागची वायरिंग नवी झाली. दुसऱ्या रविवारी फ्यूजची पेटी. कडोदऱ्यातला गुजराती मेकॅनिक येऊन, बघून, हात जोडून उभा राहिला. "काका, आमां कंई खोट नथी, ने तोय चालती नथी," म्हणाला, म्हणजे खोट काही नाही आणि तरी चालत नाही. साडूंना हे वाक्य इतकं आवडलं की ते पुढे महिनाभर तेच सगळ्यांना ऐकवत होते.

एका भागाला मात्र ते हात लावत नव्हते. मेकॅनिकने एकदा सीट उचलायला हात घातला तर साडू गरजले, "तिकडे नाही! ते आमच्या साडूभाऊंनी नवं करून घेतलंय." मेकॅनिकने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली आणि बशीतला चहा प्यालो.

तपासणीच्या वेळी कुणीतरी आत बसून स्विच दाबायचा आणि साडू मागे जाऊन दिवा बघायचे. बहुतेक वेळा ताईच बसायच्या. त्या एक पाय वर, दुसरा वर, "अगं माय" म्हणत चढायच्या, सीटवर टेकायच्या, आणि मागून आरोळी यायची, "लागना! लागना!" घरात त्यांची अहिराणीच चालते; 'लागना' म्हणजे लागला. साडू पळत पुढे यायचे, "आते तू उतर, मी बसस," म्हणून स्वतः चढायचे, आणि ताई मागे जाऊन शांतपणे सांगायच्या, "बंद व्हयना," म्हणजे बंद झाला. यावर त्यांनी एक वही केली. मी ती पाहिली आहे. वळणदार अक्षरात कोण बसलं आणि काय झालं याची नोंद. ताई: चालू. मी: बंद. साडूभाऊ: चालू. देवळातले पुजारी: चालू. दूधवाला: बंद. मेकॅनिक: सकाळी बंद, जेवून आल्यावर चालू.

इतका स्वच्छ पुरावा हातात असून त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष असा, की हा हातगुणाचा प्रश्न आहे. "काही माणसांच्या हाताला यश असतं," ते मला म्हणाले. "तुमच्या आहे, हिच्या आहे. माझ्या हाताला यंत्रं वश, पण हा दिवा नाही." मी ती वही हातात धरून बसलो होतो. त्यात वजनाचा एक रकाना वाढवला असता की झालं. मी म्हणालो, "अर्थिंग मागच्या बाजूचं बघितलंत का?"

मागच्या बाजूचं.

पावसाळा उघडल्यावर गाडीचं पासिंग आलं. दोनदा नापास झाली. आरटीओचा अधिकारी भला माणूस होता, दोन्ही वेळा म्हणाला, काका, साइड दुरुस्त करून आणा. तिसऱ्या वेळी साडू मला घेऊन गेले. "तुम्ही बसा चालवायला. तुमच्या हाताला लागतो." मी बसलो. अधिकाऱ्याने "डाबी साइड" म्हटलं, मी दांडी दाबली, आणि दिवा असा लखलखीत उघडझाप करू लागला की मागे साडूंनी टाळ्या वाजवल्या. पास. त्या दिवशी ताईंनी पुरणाचे मांडे केले. माझ्या पानाशी रांगोळी काढली होती. साडू पंक्तीत सगळ्यांना सांगत होते, "आज साडूभाऊंनी अब्रू राखली." मी चार मांडे खाल्ले. एवढं सगळं माहीत असूनही मला भूक लागली होती, हे सांगायला मला सगळ्यांत जड जातंय.

पण रोज गाडी चालवणार ते, आणि ते बसले की दिवा बंद. मग त्यांनी तोड काढली. उजवीकडे वळताना खिडकीतून स्वतःचा हात बाहेर काढायचे. तो इतका लांब आणि बारीक की मागच्याला वाटावं आरसा निखळलाय. डावीकडे कसं करणार? तर जुन्या मागाच्या लाकडातून त्यांनी एक हात कापला, पाच बोटांचा, कोपरापर्यंत. त्याला नारिंगी रंग दिला, केरसुणीच्या दांड्यावर बसवला, आणि डाव्या खिडकीला अशी खुंटी केली की दोरी ओढली की हात बाहेर, सोडली की आत. वर अंगठ्याला छोटा दिवा. तो मात्र चालायचा. पलसाण्याच्या मिलचे वॉचमन लांबूनच फाटक उघडू लागले, "हाथवाळा काका आव्या." काही ड्रायव्हर त्या हाताला नमस्कार करायचे. साडूंना याचा अभिमान होता, पण तो अर्धा. मला एकदा म्हणाले, "लोक हसतात ते ठीक आहे. पण साडूभाऊ, मला तो दिवा सापडला पाहिजे. असा बिघाड नसतो, की ज्याला कारण नाही."

त्या जानेवारीत हायवेवर सकाळी दाट धुकं पडायचं. आठच्या सुमारास साडू ताके घेऊन मिलकडे डावीकडे वळत होते. वेग बैलाचा. त्यांनी दोरी ओढली. डाव्या अंगाने स्कूटरवरून एक बाई येत होती. अकोल्याकडची, कडोदऱ्याच्या एका युनिटमध्ये साड्यांच्या घड्या घालायचं काम करणारी. ट्रक तिला दिसत होता. तो सरळ जातोय असं तिला वाटलं, कारण दिवा लागलेला नव्हता. आणि एकाएकी धुक्यातून तिच्या तोंडासमोर एक नारिंगी हात आला. ती दचकली, स्कूटर घसरली आणि ती उजव्या हातावर पडली. मनगट मोडलं. ट्रकचा तिला स्पर्शसुद्धा झाला नाही, तरी साडू खाली उतरून जमलेल्या लोकांना तेच सांगत सुटले, "माझी चूक आहे. दिवा मला दुरुस्त करता आला नाही." त्याच ट्रकमध्ये, ताक्यांच्या शेजारी बसवून, त्यांनी तिला दवाखान्यात नेलं.

दुसऱ्या दिवशी मी आणि बायको कडोदऱ्याला गेलो. ट्रक उभा होता. लाकडी हात काढून भिंतीला टेकवला होता. साडू ओट्यावर बसले होते आणि त्यांचा आवाज लहान झाला होता. अठ्ठावीस वर्षांत जो आवाज कमी झाला नाही तो एका रात्रीत झाला, आणि आम्हा सगळ्यांना पहिल्यांदाच त्यांचं बोलणं ऐकायला पुढे वाकावं लागलं. "मला येत नाही ते काम," ते म्हणाले. "कारखान्यात लोक उगीच नावाजायचे. सोपे बिघाड असतील ते." मग त्यांनी हत्यारांची पेटी आत ठेवून दिली. पुढे म्हणाले, त्या बाईची सोय होईपर्यंत दवाखान्यात डबा मी नेणार, मग गाडी कुणालातरी देऊन टाकू.

मी तिथे होतो. तोंडात शब्द होते. बायको शेजारी, ताई समोर. मी म्हणालो, "होतं असं, भाऊ."

परतताना बायको म्हणाली, "दाजींना काय झालं हो? बिघाड म्हटलं की हरखणारा माणूस." मी गाडी चालवत राहिलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी, साडू डबा घेऊन दवाखान्यात जातात ती वेळ साधून, मी एकटा कडोदऱ्याला आलो. ताईंना म्हणालो, जरा गाडी बघतो. सीट उचलली. मॅट काढली. गंजलेल्या बोल्टवरची वायर सोडवली, नवी जोडली, खाली चेसिसला भोक पाडून नव्या बोल्टने आवळली. वीस मिनिटं लागली. मग सीटवर न बसता, बाहेरूनच हात पोचवून दांडी दाबली. मागे दिवा लागला. ताई चहा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी दिव्याकडे पाहिलं, उचललेल्या सीटकडे पाहिलं.

"तुम्हाला बरं लगेच सापडलं," त्या म्हणाल्या.

मला वाटलं होतं, साडू येतील, दिवा लागेल, आनंदतील, झालं गेलं विसरतील. पण मी ज्या माणसाला इतकी वर्षं ओळखत होतो त्याला ओळखलंच नव्हतं. त्यांनी दांडी दाबली, दिवा लागला, उतरले, चढले, पुन्हा लागला, आणि ते हसले नाहीत. आपोआप बरा झालेला बिघाड त्यांच्या लेखी बिघाडच. तो पुन्हा येतो, आणि या वेळी कुणाचा तरी जीव घेऊन जाईल. त्यांनी पेटी परत बाहेर काढली आणि पहिल्यापासून सगळं उघडलं. आणि या वेळी, साडूभाऊंचा शब्द मोडून, सीटही.

रविवारी सकाळी ते आमच्याकडे कतारगामला आले. मुठीत गंजका बोल्ट होता. माझी बायको पाणी घेऊन आली, तिच्यासमोरच त्यांनी तो टीपॉयवर ठेवला.

"साडूभाऊ, साइडचं अर्थिंग सीटच्या बोल्टला कुणी बांधलं होतं?"

"मी."

"आणि परवा काढलं?"

"मीच."

मग त्यांनी शर्टाच्या खिशातून ती वही काढली, पान उलटलं, बोट फिरवलं आणि एकदम कपाळावर हात मारला. "वजन!" ते ओरडले. आवाज परत आला होता. "वजन हो! हिचं वजन, पुजाऱ्याचं वजन, तुमचं वजन! आणि मेकॅनिक जेवून आल्यावर!" ते हसू लागले. वही मांडीवर आपटून, डोळ्यांत पाणी येईतो हसले. माझी बायकोही काही न कळता हसली. "म्हणजे नोंदी बरोबर होत्या की माझ्या! म्हणजे मला येतं ते काम!" दहा महिन्यांत त्यांच्या तोंडावर असा आनंद मी पाहिला नव्हता, आणि त्या क्षणी मी मूर्खासारखा समजलो की सुटलो.

मग हसू विरत गेलं. ते एकदम गेलं नाही. आधी डोळ्यांतून गेलं, ओठांवर थोडं राहिलं, मग तिथूनही गेलं.

"तुम्हाला हे ठाऊक होतं," ते म्हणाले.

"हो."

"अमळनेरला ओसरीवर विचारलं, तेव्हा?"

"हो."

"खुर्चीवर बसून चहा पीत होतात, तेव्हाही."

मी मान हलवली. बायको हातातला तांब्या घेऊन तशीच उभी होती. तिच्याकडे बघायचं धाडस मला झालं नाही. ती आत गेली. त्या दिवशी आमच्या घरात स्वयंपाक झाला, पण मला कुणी वाढलं नाही. मी हाताने घेतलं.

साडू उठले. मला वाटलं निघाले. दारात वळून म्हणाले, "चला."

"कुठे?"

"त्या बाईला मी सांगितलंय की माझी चूक. ते खोटं निघालं. खरं तुम्ही सांगा."

आम्ही माझ्या गाडीने गेलो. त्यांच्यासारख्या माणसाशेजारी शांतता किती मोठी वाटते ते त्या दिवशी कळलं. ती बाई घरी आली होती, खोलीत पलंगावर बसली होती, हात प्लास्टरमध्ये. मी उभा राहून सगळं सांगितलं. वायर, बोल्ट, ओसरी, सगळं. संपल्यावर ती म्हणाली, "तुमी सांगतलं, बरं केलं. पन हे भाऊ मले रोज डबा आनतात, अन् म्हनतात माफ कर बाई, माफ कर बाई. मी म्हनलं, काहून एवढी माफी मागते हा मानूस? ते तुमच्या वाट्याची मागत होते व्हय?" आणि वर म्हणाली, "उद्यापासून डबा तुमी आना."

प्लास्टर निघेपर्यंत पाच आठवडे मी डबा नेला. कतारगामपासून कडोदरा काही जवळ नाही. बायको पहाटे उठून डबा करायची आणि माझ्या हातात न देता ओट्यावर ठेवायची. ती बाई पहिला घास घेऊन रोज सांगायची, ताईच्या हातची भाजी चांगली होती. हात जुळला, ती कामावर गेली, आता घड्या पूर्वीसारख्या घालते असं ऐकतो. सासूबाईंना कुणी काही सांगितलं नाही. मला वाटतं ताईंनी सांगू दिलं नसेल. पण पुढच्या खेपेला अमळनेरला गेलो तेव्हा मीच सांगितलं, जेवताना, सगळ्यांसमोर. तुपाची वाटी माझ्या पानावरून पुढे गेली.

साडू गाडी चालवतात. मला रविवारी बोलावणं येत नाही. मी दोनदा आपणहून गेलो. ताईंनी चहा दिला, साडूंनी पाव्हण्यांची विचारपूस करावी तशी केली, आणि मी अर्ध्या तासात निघालो. ते माझ्याशी भांडले असते, ओरडले असते, त्यांना तो आवाज होता, तर बरं झालं असतं असं मला फार वेळा वाटतं. पण माणसांवर ओरडायची त्यांना सवयच नाही.

परवा साडूंच्या आणि ताईंच्या नातवाचं बारसं होतं. पाळण्याशी बायकांची गर्दी, आम्ही दोघं साडू भिंतीला टेकून बसलेले. बराच वेळ गेल्यावर ते माझ्याकडे सरकले, आणि त्यांच्या मते हळू, म्हणजे पाळणा म्हणणाऱ्या बायका थांबल्या एवढ्या आवाजात, म्हणाले, "साडूभाऊ, गाडीला नवंच काहीतरी झालंय. हॉर्न वाजवला की वायपर फिरतो." आणि त्यांच्या चेहऱ्यावर तो जुना आनंद होता, मूल झाल्याची बातमी सांगतानाचा. "यातलं काही ठाऊक आहे तुम्हाला?"

"नाही, भाऊ. हे खरंच नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. नुसतं थोडा वेळ पाहिलं, मग "बरं" म्हणाले आणि हॉर्नच्या वायरबद्दल सांगू लागले. पाळणा पुन्हा सुरू झाला. मी त्यांच्या शेजारी बसून ऐकत होतो, मान डोलावत होतो, मध्येच एखादा प्रश्नही विचारत होतो. आणि मला एवढंच वाटत होतं, की पूर्वी माझ्या शब्दानंतर त्यांना तो थोडा वेळ लागत नसे.